ड्यू पॉइंट उणे १८ दाखवतोय: दोष ड्रायरचा की सेन्सरच्या जोडणीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तारापूर एमआयडीसीतल्या औषधनिर्मितीच्या प्लांटमध्ये कॉम्प्रेस्ड एअरसाठी हीटलेस डेसिकंट ड्रायर आहे, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे दोन टॉवर: एक हवा सुकवतो, तोवर दुसऱ्यातले दाणे थोड्या कोरड्या हवेने पुन्हा सुकवले जातात. हेडरचा, म्हणजे मुख्य हवा-पाइपचा, दाब ७ बार, ड्रायरची हमी उणे ४० अंश प्रेशर ड्यू पॉइंटची. ड्यू पॉइंट म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी किंवा बर्फ होऊन बसू लागते ते तापमान, जितकं खाली तितकी हवा कोरडी; प्रेशर ड्यू पॉइंट म्हणजे तोच लाइनच्या दाबाला. हेडरवरच नीडल व्हॉल्व्हने हवा कमी करून ८ मीटर निळ्या पीयू (पॉलियुरेथेन) नळीने भिंतीवरच्या सेन्सरपर्यंत आणली आणि सेन्सरभोवतीच्या कपातून ती मोकळी सोडली. पावसाळा लागल्यापासून आकडा उणे १८ च्या आसपास घुटमळतोय आणि पाऊस जोरात असला की आणखी वर चढतो. ड्रायरवाले सेन्सरकडे बोट दाखवतात, सेन्सरवाले ड्रायरकडे.

दोघांपैकी कोणालाही बोलावण्याआधी ती निळी नळी काढा. सेन्सर बहुतेक खरंच सांगतोय, पण हेडरमधल्या हवेबद्दल नाही, नळीच्या शेवटच्या टोकाला पोचलेल्या हवेबद्दल.

नळीत दाब असला की बाहेरचं काही आत येणार नाही, असं आपण धरून चालतो. हवेच्या बाबतीत ते खरं आहे, पाण्याच्या वाफेच्या बाबतीत नाही. वाफ फक्त स्वतःचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला तिचा एकटीचा वाटा, ओळखते. तारापूरला पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा बाहेरच्या हवेतल्या वाफेचा दाब सुमारे ३,६०० पास्कल असतो. उणे ४० ड्यू पॉइंटच्या हवेत तो जेमतेम १३ पास्कल असतो, म्हणजे जवळजवळ २८० पट फरक. एकूण दाब ७ बार असला तरी वाफेला आत ढकलणारा हा फरक तसाच राहतो. पीयू, नायलॉन, रबर, सिलिकॉन या सगळ्यांच्या भिंतीतून वाफ झिरपते, आणि तुमच्या ८ मीटर नळीला झिरपायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. न्यूमॅटिक सिलिंडर चालवायला पीयू उत्तम, ओलावा मोजायला ती चालत नाही. टेफ्लॉन बरी, पण तीही पूर्ण बंद नाही. उणे ४० आणि त्याखाली स्टेनलेस स्टीलच वापरायचं.

नळी बदलण्याआधी खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे, त्यासाठी रोटामीटर (प्रवाह दाखवणारं साधं मीटर) पुरे. आत्ता प्रवाह मिनिटाला १ लिटर असेल तर तो ४ लिटर करा, अर्धा तास थांबा आणि आकडा बघा. झिरपणारी वाफ दर मिनिटाला जवळजवळ ठरावीक प्रमाणात येते. प्रवाह चौपट केला की तीच वाफ चौपट हवेत विरते. वातावरणीय दाबाला उणे १८ म्हणजे साधारण १,२०० पीपीएम (दहा लाखांत १,२०० भाग) ओलावा. सगळा दोष नळीचा असेल तर चौपट प्रवाहाला तो ३०० पीपीएमच्या आसपास यायला हवा, म्हणजे आकडा उणे ३२ च्या जवळ जाईल. हेडरची हवाच ओली असेल तर प्रवाह कितीही बदला, आकडा फारसा हलणार नाही. प्रवाह वाढवल्यावर कोरडं दिसलं की नळी, फिटिंग किंवा गळती यांवर संशय घ्यायचा, आकडा जागचा हलला नाही की ड्रायरकडे वळायचं. ही चाचणी कोणत्याही गॅसला, कोणत्याही बनावटीच्या सेन्सरला लागू पडते आणि दोन कंपन्यांमधला वाद अर्ध्या तासात मिटवते.

तुमच्या जोडणीत दाबाचा घोळही आहे. नीडल व्हॉल्व्ह हेडरवर असल्यामुळे नळीत आणि कपात जवळजवळ वातावरणीय दाब आहे, आणि हमी मात्र ७ बारवरच्या ड्यू पॉइंटची आहे. हवा प्रसरण पावली की वाफेचा आंशिक दाबही त्याच प्रमाणात उतरतो. ७ बार गेज (वातावरणाच्या दाबापेक्षा वरचा) म्हणजे ८ बार निरपेक्ष, म्हणजे वाफेचा दाब आठपट कमी होतो. हेडरला खरोखर उणे ४० असेल तर तुमच्या कपात उणे ५७ च्या आसपास दिसायला हवं. उलट हिशोब केला तर कपातलं उणे १८ म्हणजे हेडरमध्ये अधिक ७ अंश. डेसिकंट ड्रायर इतका बसलेला असेल तर तो साध्या रेफ्रिजरेशन ड्रायरपेक्षाही वाईट चाललाय असं होईल, आणि तसं असतं तर बाकीच्या प्लांटमध्ये त्याच्या खुणा दिसल्या असत्या. म्हणूनही माझा पहिला संशय नळीवर जातो.

काही डिस्प्लेंमध्ये दाबाची दुरुस्ती करण्याची सोय असते: सेन्सर वातावरणीय दाबाला ठेवायचा, लाइनचा दाब भरायचा, बाकी हिशोब यंत्र करतं. ही सोय चालू ठेवून सेन्सर ७ बारवरच बसवला तर दुरुस्ती दोनदा होते आणि आकडा खऱ्यापेक्षा खूप ओला दिसतो. जोडणी बदलताना ही सेटिंग तपासायला विसरू नका.

आता नीट जोडणी कशी करायची ते. सेन्सर थेट पाइपात घालण्याचा मोह टाळा, कारण तो काढायचा झाला तर लाइन बंद करावी लागते. सॅम्पल सेल, म्हणजे स्टेनलेसचा छोटा ठोकळा, त्यात सेन्सर आणि त्यातून वाहणारी थोडी हवा, ही पद्धत जास्त सोयीची. टॅपिंग आडव्या पाइपच्या माथ्यावरून घ्या, तळातून नको, तळाला पाणी आणि गंज असतो. जागा ड्रायरनंतरच्या धूळ-फिल्टरच्या पुढे घ्यावी. डेसिकंटची पूड सेन्सरवर बसली की ती स्वतःच ओलावा धरते आणि सोडते. हेडर लांब असेल तर दुसरा सेन्सर शेवटच्या वापराच्या जागी बसवलेला चांगला, कारण ड्रायरपाशी उणे ४० आणि टॅब्लेट कोटिंगपाशी उणे २० असं अगदी शक्य असतं, विशेषतः मध्ये एखादा जुना होज कोणी जोडून ठेवला असेल तर.

टॅपिंगवर पाव इंची स्टेनलेस बॉल व्हॉल्व्ह, पुढे ६ मिलीमीटर बाहेरच्या व्यासाची ३१६एल सीमलेस ट्यूब, शक्यतो २ मीटरच्या आत. वाटेत छोटा सिंटर्ड धूळ-फिल्टर, मग सेल, सेलनंतर नीडल व्हॉल्व्ह, त्यानंतर रोटामीटर, आणि शेवटी मोकळी सुटणारी नळी. क्रम महत्त्वाचा आहे. नीडल व्हॉल्व्ह सेलच्या नंतर गेला की सेलमध्ये लाइनचाच दाब राहतो आणि प्रेशर ड्यू पॉइंट थेट दिसतो. रोटामीटरही सेलच्या नंतरच, कारण त्याची अॅक्रिलिक काया आणि ओ-रिंगा वाफ झिरपू देतात. शेवटची सुटी नळी बारीक आणि दीड-दोन मीटर लांब, गुंडाळी करून ठेवा, नाहीतर प्रवाह कमी असताना बाहेरची दमट हवा उलट सेलकडे शिरते. प्रवाह मिनिटाला १ ते ४ लिटरच्या दरम्यान बहुतेक सेन्सरना चालतो, नेमका आकडा तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकातून घ्या.

फिटिंग दोन फेरूलचीच घ्या. ६ मिलीमीटरला हाताने घट्ट केल्यावर सव्वा फेरा. पाइपच्या थ्रेडेड जोडांची संख्या कमीत कमी ठेवा. सेन्सरचा थ्रेड समांतर जी अर्धा इंची असेल तर सील वॉशरवर बसतो, टेप गुंडाळायची गरज नाही. एनपीटी असेल तर टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे, पहिला थ्रेड मोकळा सोडून. पाना षट्कोनावरच लावायचा, सेन्सरच्या नळकांड्यावर कधीच नाही. सेलवर प्रेशर गेज, बंद टी किंवा पुढे लागेल म्हणून ठेवलेलं जास्तीचं भोक ठेवू नका. अशा आंधळ्या कोपऱ्यात अडकलेला ओलावा कित्येक दिवस थोडा थोडा बाहेर येत राहतो आणि आकडा काही केल्या खाली जात नाही.

गळती तपासायला साबणाचं पाणी सगळे वापरतात. वापरा, पण लगेच पुसून कोरडं करा. फिटिंगच्या फटीत राहिलेली पाण्याची पातळ फिल्म म्हणजे शंभर टक्के आर्द्रतेचा स्रोत, आणि तुम्ही त्याच जोडाचा ओलावा शोधताय.

सेन्सर बसवण्याआधी सेलमध्ये ब्लँक प्लग लावून कोरडी हवा तासभर जोरात जाऊ द्या. मग बॉल व्हॉल्व्ह बंद करा, नीडल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, रोटामीटर शून्यावर आला आणि सेलमधला दाब गेला याची खात्री करा, आणि मगच प्लग काढा. ७ बारवर सैल केलेला प्लग किंवा सेन्सर गोळीसारखा सुटतो. सेन्सरची संरक्षक टोपी अगदी शेवटच्या क्षणी काढा आणि टोकावरच्या जाळीला बोट लावू नका. जोडल्यावर बॉल व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, एकदम दिलेला दाब काही सेन्सरना सहन होत नाही.

आता धीर धरावा लागतो. ओलं होणं मिनिटांचं काम, कोरडं होणं तासांचं, हा या मोजमापाचा स्वभाव आहे. स्टीलच्या भिंतीवर चिकटलेले पाण्याचे रेणू सुटायला वेळ घेतात. उणे ४० पर्यंत अर्धा ते एक तासात पोचता येतं, उणे ७० हवं असेल तर रात्रभर चालू ठेवा. दहा मिनिटांत आकडा पाहून निष्कर्ष काढू नका. ट्यूबवर ऊन येत असेल तर आडोसा करा. उन्हाने ट्यूब तापली की भिंतीवरचा ओलावा सुटतो आणि आकडा दुपारी वर, पहाटे खाली असा झुलतो. ड्रायरचं चक्र दिवसाच्या तापमानाशी इतकं जुळत नाही, त्यामुळे असा झोका दिसला की आधी सॅम्पल लाइन बघायची.

वायरिंगची चूक आणखी धोकादायक, कारण ती आकडा चांगला दाखवते. समजा सेन्सरची रेंज उणे ८० ते अधिक २० आहे आणि ४ ते २० मिलिअँपियर सिग्नल येतो. उणे ४० ला १०.४ मिलिअँपियर असतात. पीएलसीत (सिग्नल वाचणाऱ्या कंट्रोलरमध्ये) कोणी रेंज उणे १०० ते अधिक २० भरली असेल तर तेच १०.४ मिलिअँपियर उणे ५२ दाखवतात. सगळे खूश, आणि हवा हळूहळू बिघडत जाते. मल्टिमीटर लूपमध्ये घालून करंट मोजा आणि हाताने हिशोब करून स्क्रीनशी ताडून बघा. ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर करंट असेल तर तो आकडा नव्हे, सेन्सरने दिलेली बिघाडाची सूचना आहे, आणि पीएलसीने तसं समजायला हवं. केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलच्या ट्रेमध्ये ही केबल टाकू नका.

शून्याखाली ड्यू पॉइंट (पाण्यावरचा) आणि फ्रॉस्ट पॉइंट (बर्फावरचा) हे दोन वेगळे आकडे असतात. बर्फावरचं उणे ४० म्हणजे पाण्यावरचं उणे ४४ च्या जवळ. डिस्प्लेवर कोणता आहे ते सेटिंगमध्ये दिसतं, ड्रायरच्या हमीत कोणता आहे ते लेखी विचारून घ्या. आयएसओ ८५७३-१ या कॉम्प्रेस्ड एअरच्या शुद्धतेच्या मानकात क्लास २ म्हणजे प्रेशर ड्यू पॉइंट उणे ४० किंवा कमी, क्लास १ उणे ७०, क्लास ३ उणे २०. हमीच्या कागदावर नुसतं कोरडी हवा असं लिहिलेलं असेल तर क्लास आणि दाब दोन्ही लिहून घ्या.

समजा हे सगळं केलं, प्रवाह वाढवला, तरी आकडा वर आहे. आता खरंच ड्रायर बघायचा. दर १० सेकंदांनी २४ तासांचा आलेख काढा. हीटलेस ड्रायरचं चक्र बहुधा १० मिनिटांचं असतं, प्रत्येक टॉवर ५ मिनिटं. आलेखात एक टॉवर चालू असताना आकडा खाली आणि दुसरा चालू असताना वर असं दिसलं तर दुसऱ्या टॉवरचं रिजनरेशन, म्हणजे दाणे पुन्हा सुकणं, होत नाही. त्या टॉवरवरच्या गेजकडे बघा. पर्ज (दाणे सुकवणारी हवा) चालू असताना तो जवळजवळ शून्यावर यायला हवा. १ बारवर अडकत असेल तर मफलर (बाहेर सुटणाऱ्या हवेचा आवाज दाबणारा भाग) चोंदलाय, बहुधा डेसिकंटच्या पुडीनेच. हे इतकं महत्त्वाचं का, तर पर्जची हवा ८ बार निरपेक्षवरून १ बारला आली की आठपट फुगते, म्हणून १५ टक्के हवेत सगळा टॉवर कोरडा होतो. टॉवरमध्ये १ बार गेज उरला तर ती चारपटच फुगते, आणि ओलावा वाहून नेण्याची तिची ताकद अर्ध्यावर येते. मफलर बदलायचा खर्च किरकोळ, पण तो न बघता अख्खं डेसिकंट बदललेलं पाहायला मिळतं. मफलर मोकळा असूनही गेज उतरत नसेल तर चालू टॉवरची हवा आतल्या चेक व्हॉल्व्हमधून मागे येतेय.

दोन्ही टॉवर सारखेच वाईट असतील तर ड्रायरच्या आधी बघा. आत येणारी हवा ३५ ऐवजी ४५ अंशांची असेल तर तिच्यात जवळजवळ ७० टक्के जास्त पाणी असतं. कोकणात पावसाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणीच पुरेसं थंड होत नाही, त्यात आफ्टरकूलर (कॉम्प्रेसरनंतर हवा थंड करणारा) घाणलेला असेल तर हे सहज होतं. हेडरचा दाब ७ वरून ५ बारवर घसरला तरी प्रत्येक घनमीटर हवेमागे ओझं तिसऱ्या हिश्शाने वाढतं. ऑटो ड्रेन जाम होऊन फिल्टरच्या वाटीतलं पाणी थेट टॉवरमध्ये गेलं, किंवा आधीच्या कोलेसिंग (तेलाचे थेंब पकडणाऱ्या) फिल्टरचं एलिमेंट फाटून तेल गेलं, तर डेसिकंटच गेलं. तेलाने माखलेला अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना रिजनरेशनने परत येत नाही, बदलावाच लागतो. त्याच तेलाची फिल्म सेन्सरवरही बसते. मग सेन्सर एकदम चुकत नाही, नुसता सुस्त होतो, बदल उशिरा दाखवतो, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही.

सेन्सरच खरा की खोटा याची खात्री साइटवर करायची असेल तर ९९.९९९ टक्के शुद्धतेच्या नायट्रोजनचा सिलिंडर, स्टेनलेसचा रेग्युलेटर आणि स्टेनलेसची ट्यूब वापरा. वातावरणीय दाबाला उणे ६० च्या खाली यायला हवं. रबरी होज लावला तर पुन्हा तोच घोळ. सिलिंडर अगदी संपत आलेला नको, दाब कमी झाला की भिंतीवरचा ओलावा गॅसमध्ये येतो. ही फक्त ढोबळ तपासणी आहे. वर्षातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्या, आणि एकाच बिंदूवर नको, उणे २०, उणे ४० आणि उणे ६० या तीन ठिकाणी. प्रमाणपत्रावर समायोजन करण्याआधीचे आकडेही मागा. गेल्या वर्षभरात सेन्सर किती सरकला हे त्यांतूनच कळतं, आणि ऑडिटला तोच प्रश्न येतो. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे सेन्सर खूप खालपर्यंत मोजतात पण सरकतातही जास्त. पॉलिमरचे बहुतेक उणे ६० च्या आसपास थांबतात, पण कॉम्प्रेस्ड एअरला टिकाऊ. तुमच्या कामाला पॉलिमर पुरेसा आहे.

हाच सेल नायट्रोजन लाइनवर लावणार असाल तर सुटणारा गॅस खोलीबाहेर सोडा. मिनिटाला २ लिटर कमी वाटतात, पण बंद पॅनेलरूममध्ये दिवसरात्र सोडले की ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला कळतही नाही. ऑक्सिजन लाइनवर तेल-ग्रीसचा अंशही नसलेले, ऑक्सिजनसाठी साफ केलेले भागच हवेत. हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायू असेल तर सेन्सर आणि बॅरिअर (सेन्सरकडे जाणारी वीज मर्यादित ठेवणारं उपकरण) दोन्ही त्या स्फोटाच्या धोक्याच्या झोनसाठी प्रमाणित आणि नागपूरच्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यता असलेले घ्या, आणि गॅस सुरक्षित उंचीवर सोडा. अमोनिया, क्लोरीन किंवा हायड्रोजन क्लोराइडचा अंश असेल तर खरेदीआधी सेन्सर बनवणाऱ्याला गॅसचं पूर्ण विश्लेषण द्या, हे वायू साध्या सेन्सरला मारतात.

अलार्म उणे ३५ ला ठेवा आणि १५ मिनिटांचा विलंब द्या, नाहीतर टॉवर बदलतानाच्या छोट्या उसळीला रोज अलार्म वाजेल आणि आठवड्यात ऑपरेटर तो बंद करून टाकतील. ड्रायरच्या कंपनीला बोलवायचंच झालं तर नळी बदलल्यानंतरचा २४ तासांचा आलेख, आत येणाऱ्या हवेचं तापमान, हेडरचा दाब आणि पर्जच्या वेळचे दोन्ही टॉवरचे गेजचे आकडे हातात ठेवून बोलवा.